तेरा जीवाश्मांवर नवी मानवप्रजाती? घाईच झाली

(बोलणारे तिघे, टोपणनावांनी: खोदकाम, दंतकथा, थरमापक)

खोदकाम: फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर, कालाओ गुहेत सापडलेल्या जीवाश्मांना 2019 मध्ये होमो लुझोनेन्सिस हे नाव मिळालं. ऐवज किती? सात दात, हाताच्या बोटांची दोन हाडं, पायाच्या बोटांची दोन, तळपायाचं एक आणि एका मुलाच्या मांडीच्या हाडाचा तुकडा. किमान तिघांचे अवशेष. कवटी नाही, डीएनए नाही. जॉर्जियात द्मानिसीला सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या मिळाल्या. एकीत मेंदू 546 घनसेंटीमीटर, दुसरीत 730 च्या आसपास. त्याच कवट्या पाच देशांत सापडल्या असत्या, तर वेगवेगळ्या प्रजाती म्हणून बारशी किती झाली असती?

दंतकथा: हाडं मोजू नका, कुठली आहेत ते बघा. नाव ज्या नमुन्यावर बेतलंय तो एकाच व्यक्तीचा आहे, वरच्या जबड्याच्या उजवीकडचे सलग दात. उपदाढांना दोन-तीन मुळं. आपल्याला बहुतेकदा एक किंवा दोन. दाढा मात्र अगदी लहान. झिजलेल्या दाताचे उंचवटे गेलेले असतात, म्हणून सूक्ष्म सीटी स्कॅन करून इनॅमलच्या (दाताच्या कडक आवरणाच्या) खालच्या डेंटिनचा, म्हणजे आतल्या थराचा, आकार तपासतात. त्यात पायाच्या बोटाचं हाड ऑस्ट्रेलोपिथेकस या आफ्रिकेतल्या फार जुन्या मानवसदृश प्राण्यासारखं वाकलेलं. द्मानिसीत मुख्य वाद लहानमोठेपणाचा आहे, इथे घडणच वेगळी आहे.

खोदकाम: बेटावर अडकलेल्या प्राण्यांचं शरीर आक्रसतं. झाडावर वावर वाढला तर बोटं पुन्हा वाकू शकतात. होमो इरेक्टस या आशियात पसरलेल्या जुन्या मानवप्रजातीचीच बेटावर राहिलेली शाखा नसेल कशावरून?

दंतकथा: असेलही. पण शाखा इतकी बदलली की तिला वेगळं नाव द्यायचं, हीच तर पद्धत आहे!

थरमापक: तुमचं चालू द्या, पण लुझोनच्या माणसाला आपला ‘पूर्वज’ म्हणणाऱ्यांना आधी आवरा. तळपायाच्या हाडाचं वय किमान 67,000 वर्षं आलं. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्या वंशाचे जीवाश्म सुमारे 3 लाख वर्षांचे आहेत. मग हे पूर्वज कसले, चुलत नातेवाईक म्हणा. आणि ‘किमान’ शब्द गाळू नका. ताज्या हाडात युरेनियम जवळपास नसतं. पुरल्यावर ते भूजलातून मुरतं, मग त्याचं हळूहळू थोरियम होतं आणि त्यावरून वय काढतात, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं. उलट युरेनियम धुऊन गेलं तर थोरियम मागे राहतं आणि वय फुगतं.

खोदकाम: मान्य. पण नावाची घाई नडते ती अशी: चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला 2021 मध्ये होमो लोंगी म्हटलं. 2025 मध्ये प्रथिनं आणि दातांवरच्या किटणातला डीएनए तपासला, तर ती डेनिसोव्हन, म्हणजे डीएनएवरून आधीच ओळखलेल्या एका लुप्त मानवगटाची, निघाली.

दंतकथा: म्हणजे अख्खी कवटी असूनही ओळख पटवायला रेणूच लागले. मग लुझोनकडे कवटी नाही ही तक्रार कशाला? उष्ण, दमट हवेत डीएनए विरतो. इनॅमलमधली प्रथिनं जास्त तग धरतात. होमो अँटेसेसर या युरोपातल्या प्राचीन मानवाच्या सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या दातातून ती 2020 मध्ये वाचली गेली.

खोदकाम: त्यासाठी इनॅमल थोडं तरी खर्ची घालावं लागतं. इथे दातच सात, त्यातले काही नाव ज्यावर उभं आहे तेच. त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं, तर उरलेल्यांपैकी कुठला देणार?