सही घेण्याआधी मेन स्विच बंद करून पाहा

स्क्रीन-स्पीकरची ऑडिओ-व्हिडिओ सिस्टीम बसवून झाली, ‘चित्र दिसलं, आवाज आला की काम पूर्ण झाल्याची ग्राहकाची सही घ्यावी’ हे मला पटत नाही. आपल्या लॅपटॉपवर सगळं चालतंच. ग्राहकाचा लॅपटॉप जोडून पाहा. स्क्रीन कुठलं रिझोल्यूशन दाखवू शकते ही ईडीआयडीतली (स्क्रीन लॅपटॉपला स्वतःबद्दल पाठवते त्या नोंदीतली) माहिती नीट पोचली नाही, की चित्र गायब आणि ठपका बिचाऱ्या केबलवर.

आवाजात तर घाई नकोच. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या तरी आवाज येतो, फक्त बेस पोकळ होतो. ओठांशी मेळही तपासा: आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की बघणाऱ्याला जाणवू लागतं. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. कुणी हात न लावता सगळं उठलं पाहिजे.

डीएसपीची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या उपकरणाची) सेटिंग्जची फाइल, पासवर्ड, प्रत्यक्ष झालेल्या जोडणीचे नकाशे ग्राहकाला द्याच. ते अडवून ठेवणं मला सरळ अन्याय वाटतो. पैसे त्यांनी मोजलेत. आणि प्रशिक्षण साहेबांपुरतं नको. रोज सिस्टीम लावणाऱ्या माणसाला बसवा, बटणं त्यालाच दाबू द्या.