मदत हवी आहे: २०१६ची बोर्दो वाईन २०३४पर्यंत फ्लॅटमध्ये टिकवायची कशी?

सातारकरीण:

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं फ्रान्समध्ये, तुलूझला राहते. लेक २०१६ची. मूल जन्मलं की त्या सालची वाईन घेऊन ठेवायची आणि ते अठरा वर्षांचं झालं की फोडायची, अशी हौस इथल्या पुष्कळ घरांत असते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी तेच आमच्या डोक्यात भरवलं आणि आम्ही शातो ग्रुओ-लारोझ २०१६ची सहा बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन बसलो. (किंमत लिहीत नाही. सासूबाई इथे वाचनमात्र असतात.)

माहीत नसेल त्यांच्यासाठी: बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने मेदोकचा पट्टा आहे, त्यातलं सँ-ज्युलियाँ हे एक छोटं गाव. ग्रुओ-लारोझ तिथली. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या वाईनींची प्रतवारी मागवली, तेव्हा तिथल्या दलालांनी बाजारभाव बघून पाच पायऱ्या लावल्या. ग्रुओ-लारोझ दुसऱ्या पायरीवर. लेबलावर 'वाईन राजांची, राजा वाईनींचा' अशा अर्थाची फ्रेंच ओळ आहे. ती वाचल्यावर पेटी स्वयंपाकघरात ठेवायचा धीर होत नाही.

अडचण अशी, की आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर, छपराखाली. उन्हाळ्यात घरात पस्तीसला पोचतं. इमारतीच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटला एक छोटी खोली आहे, पण आमच्या खोलीतून हीटिंगचे पाइप गेलेत. वाईनचं खास कपाट घ्यावं का? की फ्रिजच बरा?

दुसरं म्हणजे नाताळात न राहवून एक बाटली उघडली. रंग जांभळट काळा, सुंदर. पण वास जवळजवळ नाहीच आणि तोंडात घेतल्यावर जीभ, हिरड्या, गाल सगळं ओढल्यासारखं तुरट. पाहुण्यांपैकी एकजण 'बंद आहे' म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे बाटली खराब निघाली का? उरलेल्या पाचही अशाच निघायच्या?

आणि हो, वाईन नीट चाखायची कशी, तेही कुणीतरी सरळ मराठीत सांगा. इथले लोक 'ओल्या जंगलाची जमीन' वगैरे म्हणतात तेव्हा मी फक्त हसते.

गोदाकाठ:

ताई, नाशिकला वायनरीत तळघर सांभाळतो, म्हणून थोडं सांगतो. आधी एक प्रश्न. त्या रात्री बाटली संपवलीत की उरवलीत? उरली असेल तर दुसऱ्या दिवशी कशी लागली?

सातारकरीण:

अर्धी उरली होती. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चक्क बरी लागली! वास आला, जांभळासारखा. मला वाटलं माझ्याच मनाचे खेळ.

गोदाकाठ:

मग निर्धास्त राहा, बाटली चांगली आहे. खराब बूच असतं तर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला असता आणि हवा लागल्यावर तो वाढला असता. तुमची हवा लागून खुलली. वाईन कोवळी आहे, एवढाच तिचा दोष. 'बंद' म्हणतात ते हेच, वास-चव अजून खुललेली नाही.

तुरटपणा टॅनिनचा. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, थोडं ओकच्या पिंपातून. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं, लाळेचा वंगणपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कच्ची सुपारी चघळल्यावर होतं तेच. मेदोकच्या वाईनीत कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात जास्त असते. तिचं फळ बारीक, साल जाड, म्हणून टॅनिन भरपूर. त्यात २०१६ साली तिकडे जूनपर्यंत बेदम पाऊस आणि मग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळपास कोरडा उन्हाळा, रात्री मात्र गार. त्यामुळे रंग, टॅनिन, आंबटपणा, सगळंच भरपूर उतरलं. अशी वाईन दहा वर्षांची होईपर्यंत अंग चोरूनच असते.

बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत मोठे होतात. काही इतके मोठे होतात की तळाशी गाळ म्हणून बसतात. म्हणून जुनी वाईन मऊ लागते आणि रंगही उतरतो. आधी जांभळा, मग माणकासारखा, शेवटी कडेने विटकरी. वासही बदलतो. आज काळ्या फळांचा आणि नव्या लाकडाचा आहे, पुढे देवदार, तंबाखू, चामडं, आळंबी असं काहीबाही यायला लागतं. तुमच्या पाहुण्यांचं ओलं जंगल ते हेच.

आमच्या नाशिकच्या रेड वाईनींना ही गणितं लावू नका. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, वेलीला थंडीची झोप मिळत नाही, आणि बहुतेक वाईन तीन-चार वर्षांत प्यायलेली उत्तम.

नाना_पाटेकरी_नव्हे:

पुढच्या वेळी जेवणाच्या दोन तास आधी बूच काढून बाटली टेबलावर ठेवा, श्वास घेऊ द्या. आणि पेला फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात ते जितके जाड तितकी वाईन भारी, हे लक्षात ठेवा.

बोर्दोत_मुक्काम:

नाना, दोन्ही गोष्टी चुकीच्या. नुसतं बूच काढून हवेला जागा किती मिळते, तर बाटलीच्या गळ्याएवढी, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून लहान. त्यातून दोन तासांत काहीही होत नाही. कोवळी वाईन रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात ओतावी लागते, आणि ओतताना धसमुसळेपणा केलेला चालतो. भांडं नसेल तर पाण्याचा काचेचा जग घ्या. ग्रुओ-लारोझ २०१६ आत्ता प्यायची तर मी तीन तास ठेवीन. ओघळांचं म्हणाल, तर ते अल्कोहोलमुळे येतात. दर्जाचा त्यांच्याशी संबंध नाही. पेला नीट धुतलेला नसेल तरी ते बदलतात.

सातारकरीणताई, तुमचा खरा प्रश्न साठवणुकीचा आहे, त्यावर लिहितो. स्वयंपाकघरातला फ्रिज विसरा. आठवडाभरासाठी चालतो, वर्षांसाठी नाही. चार अंशांवर वाईन पुढे सरकत नाही, हवा कोरडी असते, बूच आकसतं. वाईनला हवं बारा ते चौदा अंश, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि शांतता. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तापमान रोज वर-खाली न होणं. हिवाळ्यात अकरा आणि उन्हाळ्यात अठरा, पण सावकाश चढत-उतरत, हे मेदोकमधल्या कित्येक घरांत चालतं. दिवसा तीस आणि रात्री वीस मात्र बाटली मारून टाकतं. तापली की वाईन फुगते, बुचाला ढकलते, निवली की मागे येते आणि सोबत हवा आत ओढते. अशी वाईन शिजवलेल्या मनुकांसारखी लागते.

तेव्हा काही विकत घ्यायच्या आधी, दिवसाचं कमाल-किमान नोंदवणारं साधं थर्मामीटर आणा आणि त्या तळघरात ठेवा. पाइपपासून दूर, भिंतीच्या तळाशी. एक हिवाळा आणि एक उन्हाळा बघा. पेटी लाकडाचीच राहू द्या, तिचाही थोडा आडोसा होतो.

सोलकढी_प्रेमी:

एवढं सगळं करून २०३४ साली लेक म्हणेल, "आई, मला बिअर चालेल." तयारी ठेवा.

मिताहारी:

सोलकढी +१. तरीही चाखण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पॅरिसला असताना शनिवारचा एक वर्ग केला होता, तिथे शिकवलेलं सांगते.

पेला मोठा, पोटाला फुगीर आणि तोंडाला अरुंद. त्यात एक तृतीयांशच भरायची. तापमान सोळा-सतरा. फ्रेंच लोक 'खोलीच्या तापमानाला' म्हणतात ते हीटिंग नव्हतं त्या काळातल्या खोल्यांचं. तुमच्या आजच्या घरात बावीस असेल, म्हणजे आधी अर्धा तास फ्रिजमध्ये.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कडेचा रंग बघा, मधला नाही. वय कडेला दिसतं. मग न हलवता वास घ्या, मग फिरवून पुन्हा. दोन वासांत फरक किती, त्यावरून वाईन किती बंद आहे ते कळतं. तुमच्या बाटलीत पहिल्या रात्री हा फरकही जाणवला नसणार. मग घोटभर तोंडात घेऊन जिभेवर, गालांत फिरवा, ओठांतून जराशी हवा आत ओढा. आवाज होतो, लाजायचं नाही, तिथे सगळेच करतात. वास खरा कळतो तो घशाच्या मागून नाकात जाणारा. मग गिळा किंवा थुंका आणि चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. एका सेकंदाला तिथे एक 'कोदाली' म्हणतात. दहा-बाराच्या पुढे गेली तर वाईन चांगली, असं आमच्या बाई सांगायच्या.

बाकी देवदार आणि चामडं ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. चार गोष्टी विचारा: आंबट किती, तुरट किती, अल्कोहोल घशाला जाळतंय का, आणि फळ अजून आहे का. म्हातारपणापर्यंत टिकेल की नाही हे शेवटच्या प्रश्नावर ठरतं. तुरटपणा खूप आणि फळ नाही, अशी वाईन वीस वर्षांनी फक्त तुरट म्हातारी होते. तुमच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी जांभूळ आलं ना? मग फळ आहे. दर वेळी तारीख घालून चार ओळी वहीत लिहा. पुढची उघडाल तेव्हा त्याच कामाला येतील.

सातारकरीण:

उन्हाळा उलटून गेल्यावर धागा वर काढतेय, माफी असावी. थर्मामीटर ठेवलं होतं. तळघरात जानेवारीत नीचांक १५ (पाइपांची कृपा), ऑगस्टच्या उकाड्यात उच्चांक २४. पण एका दिवसात फरक एखाद्या अंशाचाच. बोर्दोकर, काय म्हणता?

शिवाय पुढच्या वर्षी बाबांची पंचाहत्तरी साताऱ्याला आहे. एक-दोन बाटल्या न्याव्यात का? आणि अठराव्याचा सोहळाही तिथेच करायचा म्हणतेय.

बोर्दोत_मुक्काम:

चोवीस मला आवडलं नाही, पण हाय खायचं कारण नाही. रोजचा चढ-उतार नाही, म्हणजे वाईन मरणार नाही, फक्त लवकर म्हातारी होईल. चौदा अंशांत जी २०४०पर्यंत दिमाखात राहिली असती, ती तिथे २०३०च्या आसपासच पिकेल. हवं तर तेच सोयीचं समजा आणि पेटी तिथेच राहू द्या. २०३४लाच प्यायची असेल तर मात्र कपाट घ्या. साठवणीचं, एकाच तापमानाचं, कॉम्प्रेसरवालं. स्वस्तातली, कॉम्प्रेसर नसलेली, नुसत्या विजेच्या पट्टीने गार करणारी (पेल्टियर) कपाटं बाहेर उकाडा झाला की हात टेकतात. इथे लोक घर बदलताना चांगली कपाटं अर्ध्या किमतीत विकतात, नवं घेऊच नका. आणि दर दोन वर्षांनी बाटलीच्या गळ्यातली पातळी टॉर्चने बघा. खांद्याकडे उतरायला लागली किंवा बुचाच्या कडेने चिकट ओघळ दिसला, तर त्या बाटलीसाठी ठरवलेल्या सालाची वाट बघू नका.

माझं मत विचाराल तर पाचही बाटल्या २०३४साठी ठेवणं वेडेपणा आहे. एक बाटली दोन वर्षांनी उघडा, दुसरी २०३०ला. वाईन कुठवर आली ते त्याशिवाय कळणार नाही. बाटली न फोडता बारीक सुईने पेलाभर काढून आत आर्गॉन वायू भरणारी कोराव्हिनसारखी साधनं मिळतात, पण पाच बाटल्यांसाठी तो खर्च मला पटत नाही.

गोदाकाठ:

साताऱ्याबद्दल मी सांगतो. पंचाहत्तरीला जरूर न्या, आणि आत्ता न्यायलाच सोपं आहे. अजून गाळ फारसा नाही, त्यामुळे प्रवासाच्या हिंदकळण्याने बिघडत नाही. वीस वर्षांची झाल्यावर नेलीत तर पोचल्यावर दोन-तीन आठवडे उभी ठेवून गाळ बसू द्यावा लागेल आणि मग उजेडासमोर धरून, गाळ गळ्याशी येईपर्यंत एका हाताने संथ ओतावी लागेल. कस्टम्सची मर्यादा माणशी दोन लिटर आहे, दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध. फक्त एप्रिल-मेमध्ये नेऊ नका, विमानतळावरून साताऱ्यापर्यंत गाडीच्या डिकीत तिचा काढा होईल.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्शासोबत अजिबात नको. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. बोर्दोत हिच्यासोबत द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेलं मांस खातात, मेदोकमधल्याच पोइयाक गावचं कोकरूही. आपल्याकडे पांढरा रस्सा किंवा कमी तिखटाचं सुकं मटण करा. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला सांभाळून घेतात.

अठराव्याचं मात्र तुलूझलाच करा. फ्रान्समध्ये अठरा चालतं, महाराष्ट्रात वाईनला एकवीस लागतात. म्हणजे साताऱ्यात २०३७.

सातारकरीण:

२०३७! मग कपाट घ्यावंच लागणार. नवरा आत्ताच जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला बसलाय. सर्वांचे आभार. पंचाहत्तरीची बाटली तीन तास काचेच्या जगमध्ये ओतून ठेवेन आणि वहीतल्या चार ओळी इथे टाकेन.