ब्रेट फार्व्हचे तळ्यात-मळ्यात: मला त्यात गैर काही वाटत नाही

गोठलेले तळे (मूळ धागा)

अमेरिकन फुटबॉलमधल्या ब्रेट फार्व्हचे नाव आमच्या मिनियापोलिसच्या मराठी मंडळींत आजही विनोदापुरतेच निघते. कोणी भारतात कायमचे परत जाणार असल्याचे सांगितले, की लगेच "फार्व्हसारखे की खरोखर?" असे विचारले जाते. विनोदाला आधार आहे, हे मान्य. मार्च २००८ मध्ये ग्रीन बे पॅकर्समधून डोळे पुसत निवृत्ती, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या संघात. फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा निवृत्ती, जुलैअखेर मिनेसोटा वायकिंग्जला नकार आणि तीन आठवड्यांनी, १८ ऑगस्टला, त्याच वायकिंग्जशी करार. २०१० मध्ये तर तीन सहकारी विमानाने मिसिसिपीला जाऊन त्याला घेऊन आले.

माझे म्हणणे इतकेच, की तो खोटे बोलत नव्हता. त्याला प्रश्न चुकीच्या महिन्यात विचारला जात होता. हंगाम संपतो तेव्हा चाळिशीला टेकलेल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) पलंगावरून उठतानाही हाताचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या अवस्थेत "पुढच्या वर्षी खेळणार का?" असे विचारल्यावर येणारा नकार हे स्मशानवैराग्यच असते: अगदी मनापासूनचे, पण न टिकणारे. २००८ मध्ये जेट्सने अकरापैकी आठ सामने जिंकले आणि मग पाचपैकी चार गमावले, तेव्हा फार्व्हच्या फेकण्याच्या हाताचा, खांद्यापाशी दंडाचा स्नायू जोडणारा कंडरा फाटलेला होता. त्या खांद्याने फेब्रुवारीत दिलेले उत्तर आणि मे महिन्यातल्या शस्त्रक्रियेनंतर ऑगस्टमध्ये दिलेले उत्तर एकच कसे असेल?

मार्चमध्ये उत्तर हवे असते ते क्लबला, कारण एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंची निवड असते. ती गरज रास्त आहे. पण तिला नीतीचा मुलामा कशासाठी? क्लब स्वतः खेळाडूला वाटेल त्या दिवशी नारळ देतो. २००८ मध्ये तर फार्व्हने घरी बसावे म्हणून पॅकर्सने दहा वर्षांत मिळून सुमारे दोन कोटी डॉलरचा जाहिरातीचा करार पुढे केल्याच्या बातम्या होत्या.

आणि २००९ चा हंगाम? ३३ टचडाऊन (गोलरेषेपार गुण मिळवून देणाऱ्या फेकी), अवघे ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकी), सोळापैकी बारा विजय, आणि ऑक्टोबरमध्ये चाळिशी पूर्ण. २७ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी टीव्हीसमोर तोरणासाठी झेंडू ओवत बसलो होतो. फोर्टीनायनर्स संघाविरुद्ध वायकिंग्ज चार गुणांनी मागे होते, आणि फार्व्हने ३२ यार्डांवरून मागच्या रेषेला लागून धावणाऱ्या ग्रेग लुईसच्या हातात चेंडू पोहोचवला, तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते. सुई बोटात शिरल्याचे मला नंतर कळले. जुलैतला नकार त्याने पाळला असता, तर हा झेल झालाच नसता.

मिलवॉकीकर

तुमचे झेंडू सुंदर, पण हिशेब अर्धाच मांडला आहे. आरन रॉजर्स या तरुण क्वार्टरबॅकला पॅकर्सने २००५ मध्ये घेतले आणि तीन वर्षे बाकावर बसवले. फार्व्ह निवृत्त झाला म्हणून संघ त्याच्या हाती दिला, आणि उन्हाळ्यात फार्व्ह परतण्याची भाषा बोलू लागला, तेव्हा आमच्याच पॅकर्सप्रेमींनी सरावाच्या सामन्यात त्या निष्पाप मुलाची हुर्यो केली. क्लबने बोहल्यावर दुसऱ्याला उभे केल्यावर जुन्या वराने मांडवात यावे, असा तो प्रकार होता. शिवाय शरीर ऑगस्टमध्येच "हो" म्हणते, हा योगायोग मोठा सोयीचा आहे. तोवर सराव शिबिर उरकलेले असते. बावीस वर्षांच्या पोरांनी उन्हात घाम गाळायचा आणि साहेबांनी थेट मोटारीतून उतरायचे?

गोठलेले तळे

शिबिराबाबत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तो शिबिर टाळत होता आणि ते सगळ्यांना कळत होते. हुर्यो मात्र प्रेक्षकांनी केली, तिचे बिल फार्व्हच्या नावे फाडू नका. आणि तो निष्पाप मुलगा पुढे काय करू लागला? २०२३ मध्ये खेळावे की थांबावे हे ठरवण्यासाठी रॉजर्स काही दिवस काळोख्या खोलीत जाऊन राहिला आणि मग तोही जेट्सकडेच गेला. टॉम ब्रेडी या आणखी एका नामवंत क्वार्टरबॅकची २०२२ मधली निवृत्ती चाळीस दिवस टिकली. तिघेही ढोंगी, असे म्हणण्यापेक्षा प्रश्नच अवघड आहे, असे मला वाटते.

खिडकीजवळची

प्रश्न अवघड आहे म्हणून त्याचा भार दुसऱ्यांनी वाहायचा का? वायकिंग्जने २००९ मध्ये सेज रोझेनफेल्सला मुद्दाम दुसऱ्या संघाकडून आणले होते, टार्व्हारिस जॅक्सन आधीपासून होता. दोघांनी अख्खे शिबिर एकमेकांशी चुरस केली, आणि १८ ऑगस्टला प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस स्वतः गाडी चालवत फार्व्हला विमानतळावरून घेऊन आले, वर वाहिन्यांची हेलिकॉप्टरे घिरट्या घालत होती. त्या दोघांच्या वर्षाचे काय झाले, याबद्दल कोणी धागा काढत नाही. लोक "का?" असे विचारतात तेव्हाच निवृत्त व्हावे, "का नाही?" असे विचारेपर्यंत थांबू नये, हे विजय मर्चंट यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य मुंबईत शाळकरी पोरालाही पाठ असते.

जुना शिवाजी पार्क

मर्चंट यांचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. त्यांनी १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावल्यामुळे त्यांची कारकीर्द थांबली. तो खांदा धड राहिला असता, तर त्यांनी काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाकी मला हा हाताने खेळायचा फुटबॉल फारसा कळत नाही.

पांढरा कोट

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, त्यामुळे मला टचडाऊनपेक्षा डोक्याची चिंता अधिक वाटते. फार्व्ह नियमित हंगामाचे सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याला पार्किन्सन्स झाल्याचे सांगितले. एका रुग्णाच्या आजाराचे कारण बाहेरून ठरवता येत नाही आणि मी ते ठरवतही नाही. परंतु "शरीर ऑगस्टमध्ये हो म्हणते" या तुमच्या युक्तिवादात मेंदू हा शरीराचा भाग धरलेलाच नाही. घोटा भरून आल्याचे माणसाला कळते, डोक्याचे तसे नसते. अशा खेळात तळ्यात-मळ्यात करणे म्हणजे दरवर्षी एक हंगाम जास्त खेळणे.

गोठलेले तळे

याला माझ्याकडे उत्तर नाही. २० डिसेंबर २०१० च्या रात्री मी विद्यापीठाच्या उघड्या मैदानात बसलो होतो, कारण आठ दिवसांपूर्वी बर्फाच्या भाराने वायकिंग्जच्या मेट्रोडोम या बंदिस्त मैदानाचे छत फाटले होते. तो खेळणार नाही असे आधी जाहीर झाले होते, आणि सामन्याच्या दिवशी अचानक तो खेळणार असल्याचे कळले. पहिल्याच चढाईत त्याने पर्सी हार्विनला टचडाऊन फेकला, तेव्हा आम्ही हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या; दुसऱ्या सत्रात शिकागो बेअर्सच्या खेळाडूने त्याला दगडासारख्या घट्ट जमिनीवर आपटले आणि तो क्षणभर हललाच नाही. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. तो खेळणार हे कळल्यावर स्टँडमध्ये उठलेल्या जल्लोषात माझाही आवाज होता.