मदत हवी आहे : दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर भरलेली जखम पुन्हा वाहतेय

नमस्कार मंडळी. वहिनीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. जखमा छान भरल्या, टाके निघाले, ती कामावरही जायला लागली. मग महिन्याभराने बेंबीजवळच्या छिद्रापाशी कडक गाठ आली, फुटली आणि पाण्यासारखा स्राव सुरू झाला. ताप नाही, फारसं दुखतही नाही. अँटिबायोटिक्स घेऊन झाली, साध्या कल्चरमध्ये (स्रावातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवत नाही. आता शेजारच्या छिद्रापाशीही तेच.

दुसऱ्या सर्जनना अटिपिकल मायकोबॅक्टेरियाची शंका आहे. हे टीबीच्या जंतूंचे भाऊबंद, पण नळाच्या पाण्यातही राहणारे. उपकरणं ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवातून काढून साध्या पाण्याने धुतली तर तिथून शरीरात जाऊ शकतात, असं ते म्हणाले. यातल्या बऱ्याच जंतूंवर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी औषधं कित्येक महिने द्यावी लागतात. घरचे मात्र ‘टीबीचं औषध सुरू करून टाका’ म्हणतायत. मला ते पटत नाही. आधी जंतू कोणता ते कळू दे ना!

कुणाला असा अनुभव आहे का? पुण्यात किंवा मुंबईत जंतूची नेमकी जात आणि त्यावर चालणारं औषध, दोन्ही तपासून देणारी लॅब कोणती? नमुना म्हणून नुसता स्राव पुरतो की गाठीचा तुकडाच काढावा लागतो? अमिकासिन घेताना कान आणि किडनीच्या तपासण्या किती दिवसांनी करायला सांगितल्या होत्या? लेप आणि काढे कृपया सुचवू नका, ते खातं आमच्या मावशींकडे आहे.