जुन्या माउंटन बाइकला जास्त ट्रॅव्हलचा फोर्क बसवावा का?

घाटवाट (सातारा):
माझी माउंटन बाइक नव्वदच्या दशकातली, २६ इंची चाकांची असून पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दुहेरी दांड्याला) ८० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची जागा, आहे. यवतेश्वरचा घाट ती आजही आनंदाने चढते. पण अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेने उतरताना पुढचे चाक दगडाला अडले, की आपण हँडलवरून पुढे फेकले जाणार असे वाटते. १४० मिमीचा फोर्क बसवला तर हा त्रास जाईल का?

चाकोरी (सांगली):
कृपया तसे करू नका. फोर्क साधारण २० मिमीने लांबला की हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी होणारा कोन) सुमारे एका अंशाने कलतो, म्हणजे तुमचा ७१ अंशांचा कोन ६८ वर येईल आणि उतारावर थोडा धीरही मिळेल. परंतु त्याच वेळी सीटही तीन अंशांनी मागे झुकेल, चढावर पुढचे चाक उचलले जाईल आणि फ्रेमच्या हेड ट्यूबवर (फोर्क जिथे बसतो त्या पुढच्या नळीवर) तिच्या क्षमतेपलीकडचा ताण येईल. आजच्या ट्रेल बाइकचा हेड अँगल ६५ अंशांच्या आसपास असतो, पण तिची सीट ट्यूब (सीटखालची नळी) उलट अधिक उभी, सुमारे ७६ अंशांची असते आणि फ्रेमही लांब असते. हे सारे बदल एकमेकांच्या आधाराने झाले आहेत. त्यांतला एकच उचलून जुन्या सायकलवर बसवता येत नाही.

मुळात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७० च्या दशकात ज्या जुन्या, जड सायकली डोंगरावरून सोडल्या जात, त्यांचे कोन बरेच कललेले होते. पुढे शर्यतींत चढाला महत्त्व आले, तशी फ्रेमची भूमिती, म्हणजे तिचे कोन आणि लांब्या, रोड बाइककडे सरकली. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा धक्के शोषणारा फोर्क आला, तेव्हा त्याला जेमतेम दोन इंच ट्रॅव्हल होते. फ्रेम पुढून लांब करून स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा भाग) आखूड करण्याचा विचार माउंटन बाइकच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी फिशर यांनी १९९८ च्या सुमारास ‘जेनेसिस’ भूमितीत मांडला. मला तो फोर्कपेक्षाही मोठा बदल वाटतो.

डोंगरवेडा (सातारा):
सहमत आहे. आधी स्टेम मोजा. १२० मिमीहून लांब असेल, तर ७०-८० मिमीचा आणि थोडे रुंद हँडल बसवा. मात्र फ्रेम आखूड असल्याने त्याहून लहान स्टेम घेतल्यास गुडघे हँडलला लागतील. उतारापूर्वी सीट खाली करा. फोर्कमध्ये इलास्टोमर (स्प्रिंगचे काम करणारे रबरासारखे तुकडे) असतील तर तेही तपासा, कारण ते वयाने कडक होतात आणि मग ८० मिमीतले निम्मे ट्रॅव्हलही मिळत नाही.

घाटवाट (सातारा):
आत्ताच मोजला. स्टेम १३५ मिमी आहे. फोर्क उद्या उघडून पाहतो.