दुसऱ्या मजल्यावर रात्री पाण्याचा दाब वाढतो. दोष कुठे शोधावा?

प्रश्न :
ठाण्यातील आमची इमारत 22 मजल्यांची असून आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवरील टाकीतून पाणी येते. दोन महिन्यांत फ्लशच्या टाकीची जोडनळी दोनदा फुटली. दुसऱ्या वेळी पहाटे 3 वाजता फुटली आणि आईच्या खोलीत पाणी शिरले. दिवसा धार नेहमीसारखी असते, पण पहाटे पहिला नळ उघडताच पाणी जोरात उसळते. प्लंबरने अँगल कॉक (जोडनळ्यांआधीचे भिंतीवरचे छोटे नळ) अर्धे बंद करून दिले आहेत. तेवढे पुरेल का?

उत्तर 1 :
पुरणार नाही. कॉक अर्धा बंद केल्याने धार बारीक होते, परंतु घरातले सगळे नळ बंद असताना नळीवरचा दाब तसूभरही कमी होत नाही, आणि जोडनळी फुटते ती नेमकी त्याच वेळी. 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 बार दाब धरला, तर तुमच्याकडे तो 6 बारच्या आसपास जातो. खालच्या मजल्यांसाठी डक्टमध्ये बसवलेला पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) तो 2-3 बारपर्यंत उतरवतो. वॉशिंग मशीनच्या नळाला प्रेशर गेज लावून सायंकाळी आणि मध्यरात्रीनंतर, गीझर बंद ठेवून, आकडा पाहा. रात्री काटा हळूहळू चढत असेल, तर पीआरव्ही पूर्ण मिटत नाही, असे समजावे. बहुधा त्याच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या कडेवर, कचरा अडकलेला असतो. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर कृपया तो कोणालाही बुजवू देऊ नका; जादा दाब तोच बाहेर सोडतो.

उत्तर 2 :
पीआरव्ही उघडण्यापूर्वी त्याच्या शेजारची बायपास लाइन (पीआरव्हीला वळसा घालून पाणी नेणारी नळी) अवश्य तपासावी. दुरुस्तीच्या वेळी उघडलेला तिचा व्हॉल्व्ह किंचित जरी उघडा राहिला, तरी रात्री वापर थांबल्यावर वरचा पूर्ण दाब खाली उतरतो. आमच्या सोसायटीने हे न पाहता नवा पीआरव्ही बसवला आणि तो खर्च वाया गेला.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सायंकाळी गेजवर 2.5 बार होते, तर रात्री 2 वाजता 5.5. बायपासचा व्हॉल्व्ह घट्ट आवळल्यावरही त्या नळीला कान लावला असता आतून बारीक सूं-सूं आवाज येत होता. व्हॉल्व्ह खोलला, तेव्हा खाचेत गंजाचा नखाएवढा पापुद्रा सापडला. नवा व्हॉल्व्ह बसवल्यापासून रात्रीचा काटा 2.7 वर स्थिर आहे. त्याच लाइनवरील पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यांनाही जोडनळ्या तपासून घेण्यास कळवले आहे.