'कलावंत' बाईनं स्वतःला म्हणवावं का?

निळाई (कारेलीबाग, बडोदा): पुढच्या महिन्यात आमच्या गटाचं चित्रप्रदर्शन आहे. परिचयपत्रिका गुजराती आणि मराठीत. मराठीत मी लिहिलं, 'मी कलावंत आहे.' बावीस वर्षं रंग कालवतेय, पण हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं. सासूबाईंनी चष्मा सारखा करून वाचलं आणि शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "बाईच्या नावापुढे हे नको गं. कलावंतीण म्हणतील." मग काय लिहू? 'चित्रं काढते' लिहिलं की फावल्या वेळचा छंद वाटतो.

दांडियाबाजारकर: बडोद्यात तरी हा शब्द मानाचा. सयाजीरावांच्या राज्यात 'कलावंत कारखाना' होता. कारखाना म्हणजे खातं. गवई, वादक, तंजावरच्या नर्तकी, सगळ्यांचा पगार तिथून. आमचे पणजोबा तबलजी. 'काय करता?' विचारलं की म्हणायचे, "कारखान्यात आहे."

जुना रावपुरा: सासूबाईंचं ऐकू येतंय मला. पुरुषाला शोभणारा शब्द बाईकडे आला की फिरतो. कसबी म्हणजे निष्णात, कसबीण म्हणजे वेश्या. मूळ अरबी 'कसब' म्हणजे नुसती कमाई! कलावंतिणीचंही तेच झालं.

शुद्धमराठी: 'चित्रकर्ती' लिहा. व्याकरणात चोख.

निळाई: दादा, मला त्या नावानं कोण हाक मारणार?

शुद्धमराठी: वापरलं की रुळतं. 'लेखिका' रुळलंच ना?

जुना रावपुरा: लेखिका लोकांनी रुळवलं, कोशानं नाही. मी 'चित्रकार'च म्हणेन. ती चित्रकार, तो चित्रकार.

राजवाडा, इंदूर: आमच्याकडे 'मोठा कलाकार आहे' म्हणजे पक्का लबाड! वडील गणपती करायचे. दुकानाच्या पाटीवर 'मूर्तिकार', सरकारी कागदावर 'कारागीर'. कागद भरताना दर वेळी त्यांचा हात थांबायचा.

फतेगंज: कलाकार आणि कारागीर यांच्यातली ही भिंत नंतरची. इथलं कलाभवन १८९० चं. तिथं चित्रकला आणि सुतारकाम, रंगाई एका छताखाली शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. विद्यापीठाची ललितकला शाखा आली १९५० मध्ये. मी तिथं मूर्तिकला शिकले. हाताला प्लास्टर चिकटलेलं असायचं, तरी 'आर्टिस्ट आहेस का?' विचारलं की 'शिकतेय' म्हणायचे. पदवी मिळाल्यावरही पाच वर्षं तेच. निळाईताई, तुम्ही लिहिलंत ते खोडू नका.

सावंतवाडीकर: 'चितारी' कुणालाच कसं आठवलं नाही? आमच्याकडे चितारआळी आहे, नागपुरात चितारओळ.

शुद्धमराठी: चितारी ही जात झाली. व्यवसायनाम म्हणून आज चालणार नाही.

सावंतवाडीकर: सोनार, सुतार चालतात की.

निळाई: पत्रिका उद्या छापायला जाते. सासूबाईंची रेघ तशीच आहे, शब्दही. कलावंत कारखान्याचं त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्यातल्या नर्तकींना काय म्हणत, ते विचार."

दांडियाबाजारकर: घरातली जुनी कागदपत्रं काढतो. एक विचारू? शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत गवयांचा वेगळा होता का?